विद्यापीठाची अंतर्गत तक्रार समिती : माझा अनुभव, पाचपैकी साडेतीन

मी ही सेवा वापरलेली आहे, म्हणून तिच्याबद्दल लिहिते आहे. आमच्या विद्यापीठाची अंतर्गत तक्रार समिती, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी समिती. कॅम्पसवर तिला अजूनही सगळे विशाखा समितीच म्हणतात. मेस कशी आहे, हॉस्टेलला पाणी किती वाजता येतं, रात्री अभ्यासिका उघडी असते का, हे ॲडमिशन घेण्याआधी आपण दहा जणांना विचारतो. या समितीबद्दल कुणी विचारत नाही. आणि गरज पडते तेव्हा विचारायचं त्राण उरलेलं नसतं. मला तेव्हा असं काही वाचायला मिळालं असतं तर माझे साडेतीन आठवडे तरी वाचले असते.

विद्यापीठाचं, विभागाचं, माणसांचं नाव लिहिणार नाही. वर्षही नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याच्या १६ व्या कलमानं तक्रारदार, ज्याच्यावर तक्रार आहे तो आणि साक्षीदार यांची ओळख उघड करायला बंदी आहे आणि ती मला मनापासून पटते. पण त्याच कलमात पुढे मुभा आहे, की कुणाचीही ओळख पटणार नाही अशा रीतीनं, मिळालेल्या न्यायाची माहिती देता येते. मी तेवढंच करते आहे.

काय झालं ते थोडक्यात. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आमची प्रॅक्टिकल पीएच.डी. करणारा एक सीनियर घ्यायचा. लॅबमध्ये सगळे त्याला दादा म्हणायचे, मीही म्हणायचे. स्लाइड नीट दिसली नाही की तो माझ्या मागे येऊन उभा राहायचा आणि ‘थांब, फोकस दाखवतो’ म्हणत दोन्ही बाजूंनी हात पुढे घालायचा. स्टूलवरून उठायला जागाच राहायची नाही. आधी वाटलं, चुकून होतंय. हे फक्त माझ्याच टेबलावर होतंय हे माझ्या लॅब पार्टनरच्या लक्षात आलं. मग रात्री साडेअकरा-बाराला मेसेज सुरू झाले. मी उत्तर देईना तेव्हा एका रात्री आला, ‘इंटर्नलचे मार्क कोण भरतं माहितीये ना?’ त्या दिवसापासून मी जर्नलच्या शेवटच्या पानावर पेन्सिलनं तारखा लिहायला लागले. तारीख, वार, कुठलं प्रॅक्टिकल, शेजारी कोण होतं. कशासाठी लिहिते आहे ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. पुढे तेच पान सगळ्यात जास्त उपयोगी पडलं.

पहिल्यांदा मी विभागप्रमुखांकडे गेले. सरांनी पाणी दिलं, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘बेटा, मी त्याला समज देतो. लेखी काही करू नकोस, दोघांच्याही करिअरचा प्रश्न आहे.’ त्या समजेची मी साडेतीन आठवडे वाट पाहिली. तो मुलगा विभागाच्या नॅकच्या, म्हणजे दर्जा-तपासणीच्या, फायली भरत होता, रोज सरांच्या केबिनमध्येच बसलेला असायचा. या काळात माझ्या तक्रारीची मुदत चालू आहे, हे मला कुणी सांगितलं नाही. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते. एकामागून एक प्रकार घडले असतील तर शेवटच्या प्रकारापासून तीन महिने धरतात. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, लैंगिक छळाबद्दलचे विनियम २ मे २०१६ ला अधिसूचित झाले. त्यांत कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना समितीवर घ्यायचंच नाही असं लिहिलेलं आहे. ते का लिहिलंय हे मला त्या साडेतीन आठवड्यांत समजलं. तेव्हा विभागप्रमुखांना सांगायचं असेल तर जरूर सांगा, पण ते सांगणं म्हणजे तक्रार नव्हे. तक्रार समितीकडेच जाते.

मी घरी निघून जाणार होते. बॅग भरली होती. आईला फोन केला तर तिला अर्धं रडणंच ऐकू गेलं असेल, पण ती म्हणाली, ‘तू काय केलंस म्हणून घरी येतीस? येऊ नको. मी येते तिकडं.’ ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आली, आमच्या खोलीत तीन दिवस राहिली, आणि तिसऱ्या दिवशी मी तक्रार लिहिली.

आता सेवेबद्दल. सगळ्यात वाईट भाग आहे तो तिथपर्यंत पोचण्याचा. प्रशासकीय इमारतीच्या जिन्याशी समितीची पाटी आहे. तिच्यावरच्या पहिल्याच मॅडम निवृत्त झालेल्या. खाली दिलेला फोन नुसता वाजत राहिला. वेबसाइटवर शोधलं तर विद्यार्थी विकास विभागाच्या पानावर, अगदी तळाशी, वाकडी स्कॅन केलेली एक यादी सापडली, तीही जुनी. शेवटी आवक-जावक खिडकीवर गेले. तिथे आमच्या मागे मायग्रेशनसाठी सात-आठ मुलं रांगेत उभी. खिडकीतल्या बाबूंनी पाकीट हातात घेतलं आणि मोठ्यानं विचारलं, ‘कशाबद्दल आहे?’ मी गप्प. आई म्हणाली, ‘त्या समितीला द्यायचंय.’ ते म्हणाले, ‘मग सहा प्रती लागतात. एक चालत नाही.’

सहा प्रतींचा नियम खरा आहे, २०१३ च्या नियमांत तसं आहे. पण ज्या मुलीला स्वतः लिहिणं शक्य नाही तिला लिहायला मदत करणं हे समितीच्या अध्यक्षांचं किंवा सदस्यांचं काम आहे, हेही त्याच कायद्यात आहे. ते त्या खिडकीवर कुणाला माहीत नव्हतं. खिडकीवरच्या माणसाला एवढं एकच वाक्य शिकवलं तर पुरे, ‘बसा, मी मॅडमना फोन लावतो.’

आम्ही गेटबाहेर झेरॉक्सला गेलो. चार पानं तक्रार, अकरा पानं स्क्रीनशॉट, असे सहा संच. दुकानातल्या काकांनी पहिलं पान हातात घेतलं, वरच्या दोन ओळी वाचल्या असाव्यात. मग त्यांनी काही न बोलता सगळा गठ्ठा पालथा घातला, एकेक पान पालथंच काचेवर सरकवत गेले, छापून आलेली पानंही पालथीच मोजली. दुकानात गर्दी होती. एका मुलानं काउंटरवर वाकून बघितलं तेव्हा त्यांनी गठ्ठ्यावर कोरी फूलस्केप ठेवली. संच टाचून, जाड पाकिटात घालून दिले. पाकिटाचे पैसे घेतले नाहीत. त्या दिवसात माझ्याशी कुणी इतकं समजुतीनं वागलं नव्हतं, म्हणून हे इथे लिहून ठेवते आहे.

पोच घ्या. आवक क्रमांक, तारीख, शिक्का. मी नसती घेतली, आईनं मागून घेतली. ग्रामपंचायतीत तिनं इतके कागद दिलेत की पोचेशिवाय ती खिडकी सोडत नाही.

इथून पुढे मात्र समितीबद्दल चांगलं लिहावं लागेल. चौथ्या दिवशी अध्यक्ष मॅडमचा स्वतःचा फोन आला. दुसऱ्याच विद्याशाखेच्या प्राध्यापक, मी त्यांना कधी पाहिलेलंही नव्हतं. त्यांनी आधी विचारलं, ‘आत्ता बोलता येईल का? शेजारी कोण आहे?’ मग म्हणाल्या, ‘तुला लगेच काय हवंय ते सांग. चौकशीला वेळ लागेल.’ मला प्रश्न कळला नाही. मी म्हटलं, त्याला शिक्षा हवी. त्या म्हणाल्या, ‘ते पुढचं. उद्या सकाळी तुला लॅबमध्ये जाताना काय बदललेलं हवंय?’

असं काही मागता येतं हेच मला ठाऊक नव्हतं. याला अंतरिम दिलासा म्हणतात. चौकशी संपायच्या आधी, आरोप खरा की खोटा हे ठरायच्या आधी, तक्रारदाराला किंवा समोरच्याला दुसऱ्या विभागात हलवता येतं, तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते, समोरच्याला अंतर राखायची ताकीद देता येते. आणि माझ्यासाठी सगळ्यात मोलाचं म्हणजे, त्यानं तक्रारदाराचं काम, परीक्षा, मार्क यांना हात लावायचा नाही असा आदेश काढता येतो. मी तीन गोष्टी मागितल्या. तो माझी प्रॅक्टिकल घेणार नाही, माझं जर्नल तपासणार नाही, मला मेसेज करणार नाही. पाचव्या दिवशी एका पानाचं पत्र निघालं.

अंतिम निकाल मला बऱ्याच महिन्यांनी मिळाला, पण झोप लागली ती या एका पानानं. म्हणून ज्या कुणाला तक्रार लिहायची वेळ येईल तिला माझं एवढंच कळकळीचं सांगणं आहे की तक्रारीच्या शेवटी वेगळा परिच्छेद करून ‘मला तातडीनं पुढील गोष्टी हव्यात’ असं स्पष्ट लिही. आमच्या अध्यक्ष मॅडमनी आपणहून विचारलं. सगळ्याच विचारतील असं नाही, आणि न मागता मिळेल असं धरून चालू नका.

पत्र निघालं, पण ते लॅब असिस्टंटपर्यंत पोचलंच नाही. सोमवारी मी ॲप्रन घालून आत गेले तर तो फळ्याजवळ उभा. असिस्टंट म्हणाले, ‘मला काही पत्र नाही आलं.’ मी तशीच बाहेर आले आणि व्हरांड्यातूनच मॅडमना फोन केला. वीस मिनिटांत शिपाई प्रत घेऊन आला. पत्र काढणाऱ्यांनी ते ज्याला ज्याला पाळायचंय त्याच्या हातात पडलं का, हे बघायला हवं होतं. याचा अर्धा गुण मी कापला आहे.

सुनावणीच्या दिवशी आम्हा दोघांनाही अकराची वेळ दिलेली. एकच व्हरांडा, समोरासमोर दोन बाकडी. तो आणि त्याचे तीन मित्र समोर, मी आणि माझी रूममेट इकडे. चाळीस मिनिटं. कुणी काही बोललं नाही, तरी माझ्या हाताला घाम सुटून फाइलचा पुठ्ठा ओला झाला. समितीवरच्या बाहेरच्या सदस्य, म्हणजे स्वयंसेवी संस्थेच्या प्रतिनिधी, आल्या. त्यांनी व्हरांडा एकदा बघितला आणि मला आत स्टाफरूममध्ये नेऊन बसवलं. चहा मागवला. मी नुसती थरथरत होते म्हणून असेल, त्या काहीबाही बोलत राहिल्या. मला आजवर वाटायचं विशाखा म्हणजे कुणी पीडित मुलगी असेल. त्यांनी सांगितलं, ते याचिका करणाऱ्या संस्थेचं नाव. बाई होत्या भंवरीदेवी, राजस्थानातल्या गावात सरकारच्या कामासाठी साथिन म्हणून राबणाऱ्या. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १३ ऑगस्ट १९९७ ला निकाल दिला, आणि तिथून या समित्या आल्या. ‘काम करताना झालं ना त्यांना,’ त्या म्हणाल्या, ‘म्हणून काम देणाऱ्याची जबाबदारी.’ पुढच्या वेळी मला अकराला आणि त्याला तीनला बोलावलं. हे पहिल्याच वेळी व्हायला हवं होतं.

आत टेबलाभोवती नऊ जण. अध्यक्ष, दोन प्राध्यापक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, बाहेरच्या सदस्य आणि तीन विद्यार्थी. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन अशा तीन पातळ्यांवरचा एकेक विद्यार्थी प्रतिनिधी समितीवर असतो, आणि निम्म्याहून कमी बायका असून चालत नाही. इतकी माणसं बघून मला बोलता येईना. संशोधनवाल्या ताईनं तिची खुर्ची उचलून माझ्या बाजूला आणली. जबाब देताना मी तिच्याकडे बघूनच बोलत होते.

कपड्यांबद्दल, मित्रांबद्दल कुणी काही विचारलं नाही. एका सरांनी मात्र विचारलं, ‘पहिल्याच वेळी का नाही सांगितलंस?’ अध्यक्ष मॅडम म्हणाल्या, ‘सर, तो प्रश्न आपण विभागाला विचारू.’ आणि तो खरंच विभागाला विचारला गेला, हे मला नंतर अहवालात वाचायला मिळालं.

जबाब टाइप झाल्यावर वाचून दाखवला. मी सांगितलं होतं, ‘त्यानं दोन्ही हात माझ्या अंगाभोवती घातले, त्याची छाती माझ्या पाठीला लागत होती.’ कागदावर आलं होतं, ‘त्याने प्रात्यक्षिकाच्या वेळी गैरवर्तन केले.’ मी म्हटलं, हे मी बोलले नाही. टाइप करणाऱ्या बाई म्हणाल्या, अर्थ तोच होतो, असं उघडं कशाला लिहायचं? माझा आवाज फुटत नव्हता तरी मी म्हटलं, मी बोलले तसंच लिहा. मॅडमनी ती ओळ खोडायला लावली आणि मी पुन्हा एकेक शब्द सांगितला. गैरवर्तन म्हणजे पानाची पिचकारी मारणंही होतं आणि लेक्चरला शिट्टी वाजवणंही. तुमचा जबाब तुमच्या शब्दांत आहे का ते बघूनच सही करा. घाई करणारे भेटतील, तरी प्रत्येक ओळ वाचा.

वकील कुणालाच आणता येत नाही. उलटतपासणीचे त्याचे प्रश्न लेखी आले, मॅडमनी ते मला विचारले, त्याला समोर बसवलं नाही. तक्रारीची प्रत त्याला सात दिवसांत गेली होती, उत्तराला त्याला दहा दिवस मिळाले, त्याचे साक्षीदार ऐकले गेले. मला तेव्हा या सगळ्याचा फार राग यायचा. त्याला कशाला इतकी संधी? बाहेरच्या सदस्यांनी गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाच्या प्रकरणाचं सांगितलं. तिथल्या समितीनं २००९ मध्ये चौकशी इतक्या घाईनं उरकली की बाजू मांडायला पुरेशी संधी मिळाली नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं १२ मे २०२३ ला ती कारवाईच रद्द केली आणि प्रकरण परत समितीकडे पाठवलं. चौदा वर्षांनी. तक्रार करणाऱ्या मुलींचं वय तोवर काय झालं असेल, हाच विचार माझ्या मनात आला. त्यानंतर त्याच्या साक्षीदारांवर मी चिडले नाही.

वेळेबद्दल मात्र तक्रार आहे. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते, आमची ११८ दिवस चालली. मधे परीक्षा, मग सुट्ट्या, मग कोरम नाही. प्रत्येक वेळी मी आदल्या रात्री जागायची आणि सकाळी मेसेज यायचा, आजची बैठक पुढे ढकलली आहे.

आणखी एक गोष्ट. तक्रारीची कुणकुण लागल्यावर पंधरा दिवसांत आमच्या हॉस्टेलची वेळ दहावरून साडेआठ झाली. नोटिशीवर लिहिलं होतं, ‘विद्यार्थिनींच्या सुरक्षिततेसाठी’. मुलांच्या हॉस्टेलला काही नाही. मेसमध्ये मुली माझ्याकडे बघेनाशा झाल्या, एक जण तोंडावर म्हणाली, ‘तुझ्यामुळे आमची लायब्ररी बंद झाली.’ मला लॅबमधल्या प्रकारापेक्षा हे जास्त लागलं. विधी शाखेच्या एका मुलीनं यूजीसीच्या विनियमातला परिच्छेद काढून दिला. सुरक्षेचं कारण सांगून मुलींच्या हॉस्टेलला मुलांपेक्षा वेगळे, जाचक नियम लावायचे नाहीत, हे त्यात शब्दशः आहे. ३४ मुलींनी सह्या केल्या, मेसमध्ये बोलली ती मुलगीही त्यात होती. समितीनं रेक्टर मॅडमना लेखी कळवलं आणि तीन आठवड्यांनी वेळ परत दहा झाली. समितीनं हे आपलं काम मानलं, म्हणून एक गुण मी बिनशर्त देते.

निकाल लागला. तक्रार सिद्ध झाली असं समितीनं लिहिलं. त्याच्याकडून प्रॅक्टिकल घेणं कायमचं काढलं, दोन सेमिस्टर हॉस्टेल बंद, समुपदेशन सक्तीचं. मला त्याचं निलंबन हवं होतं. ते झालं नाही. निकालाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येतं. मी केलं नाही, कारण माझी परीक्षा आली होती आणि माझ्यात बळ नव्हतं. आजही लायब्ररीच्या पायऱ्यांवर तो कधी दिसतो. मी दुसऱ्या बाजूनं जाते.

मॅडमनी पहिल्याच भेटीत हेही सांगितलं होतं की पोलिसांकडे जायचा मार्ग वेगळा आहे, कधीही खुला आहे, आणि मी गेले तर समिती मदत करेल. लैंगिक छळासाठी भारतीय न्याय संहितेचं ७५ वं कलम आहे, पाठलागासाठी ७८ वं. हल्ला झाला असेल, जिवाला धोका असेल तर समितीच्या बैठकीची वाट बघत बसू नका, ११२ लावा. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. माझ्या बॅचमधल्या एका मुलानं नंतर मला हळूच विचारलं होतं, मुलांना जाता येतं का या समितीकडे? येतं. यूजीसीच्या विनियमांत मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही धरलेले आहेत. तो गेला की नाही मी विचारलं नाही.

दीड गुण कापला तो पाटी, खिडकी, बाकडं, लॅबपर्यंत न पोचलेलं पत्र आणि जादाच्या २८ दिवसांसाठी. यातल्या एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत. गोव्याच्या त्याच निकालात न्यायालयानं समितीतल्यांची नावं, फोन, ईमेल वेबसाइटवर सहज सापडतील अशी ठेवा असंही बजावलंय. आमच्या जिन्यावरच्या पाटीवर निवृत्त मॅडमचं नाव अजून तसंच आहे. मागच्या सोमवारी मी कुलसचिवांच्या नावे अर्ज दिला. निकालाचं ते पान जोडलं, खाली सध्याच्या नऊ जणांची नावं आणि चालू असलेले नंबर स्वतः एकेक लावून बघून लिहिले. खिडकीवर तेच बाबू होते. मी पोच मागितली.